थकबाकीदारांची यादी आणि रेपोची कुलपं

आधी पत्र, थोडं काटछाट करून (गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, गिटहब ही असा कोड ठेवायची वेबसाइट, रेपो म्हणजे तिथलं कोडचं कपाट, लेव्हल म्हणजे ते कोणाला दिसावं, आणि एन्क्रिप्ट करणं म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं करणं):

«ताई, नमस्कार. मी मुलुंड पूर्वेला राहते. कॉलेजचा एक मित्र, एक मैत्रीण आणि मी अशा तिघांनी मिळून हाउसिंग सोसायट्यांसाठी मेंटेनन्सची बिलं काढणारं सॉफ्टवेअर बनवलं आहे. भांडुप ते ठाणे अशा आठ सोसायट्या ते वापरतात. कोड गिटहबवर माझ्या स्वतःच्या खात्यात आहे, रेपो प्रायव्हेट आहे. आता प्रत्येक जण वेगळं सांगतोय. मित्र म्हणतो, सगळं पब्लिक करून टाकू, मुलाखतीत दाखवायला होईल. माझा मामेभाऊ एका बँकेत आयटीत आहे. तो म्हणतो, प्रायव्हेटच्या भरवशावर राहू नका, अख्खी रेपो एन्क्रिप्ट करा, नाहीतर स्वतःचा सर्व्हर घ्या. मैत्रीण पुढच्या महिन्यात बंगळूरला नोकरीला चालली आहे, आणि तिच्या लॅपटॉपवर सगळा कोड आहे. परवा एका सोसायटीचे सेक्रेटरी काका सहज म्हणाले, 'आमचा डेटा सेफ आहे ना गं?' मी पटकन 'हो' म्हटलं. रात्री झोप लागली नाही, कारण सुरुवातीला टेस्टिंगसाठी मी त्यांचीच खरी एक्सेल फाइल रेपोत टाकली होती. नावं, फ्लॅट नंबर, मोबाइल, थकबाकी, सगळं. नंतर डिलीट केली म्हणा. तर मी कोणती लेव्हल निवडू?
– गोंधळलेली मुलुंडकर»

प्रिय मुलुंडकर,

प्रश्न तू शेवटच्या ओळीत विचारलास, पण झोप उडवणारी गोष्ट त्याच्या जरा आधी, «डिलीट केली म्हणा» मध्ये आहे. लेव्हलचं नंतर बघू.

ती फाइल डिलीट झालेली नाही. सोसायटीचं प्रोसिडिंग बुक बघितलंयस ना? मागच्या सभेत काही चुकीचं लिहिलं गेलं तर पान फाडत नाहीत, पुढच्या सभेत दुरुस्ती मंजूर करतात. जुनं पान तिथंच राहतं, कोणीही मागे उलटून वाचू शकतं. गिटचं तसंच आहे. तू फाइल काढून कमिट (बदलाची नोंद) केलंस, म्हणजे «आजपासून ही फाइल नाही» एवढी नोंद झाली. त्याआधीच्या प्रत्येक कमिटमध्ये ती जशीच्या तशी आहे. आणि २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नेलसाठी गिट लिहिलं तेच मुळी प्रत्येकाकडे पूर्ण इतिहास राहावा अशा रचनेनं. म्हणजे तुझ्या रेपोचं क्लोन, म्हणजे पूर्ण प्रत, ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे सेक्रेटरी काकांच्या सोसायटीची थकबाकीदारांची यादीसुद्धा आहे. तुझ्याकडे आहे, मित्राकडे आहे, आणि बंगळूरच्या गाडीत बसणाऱ्या लॅपटॉपवरही आहे.

सोसायटीच्या नोटीस बोर्डावर थकबाकीदारांची नावं लावावीत की नाही, यावरून वार्षिक सभेत केवढी भांडणं होतात ते तुला मी काय सांगायचं! ती यादी आता तीन लॅपटॉपवर फिरतेय.

यावर उपाय आहे आणि तो एका दुपारचा आहे. गिट-फिल्टर-रेपो नावाचं साधन वापर. जुन्या लेखांत फिल्टर-ब्रँच सापडेल, त्याच्या वाटेला जाऊ नकोस. गिटवालेच आता ते वापरू नका म्हणतात. रेपोचं ताजं क्लोन घे, त्यातून ती एक्सेल फाइल इतिहासासकट काढून टाक, आणि उरलेलं नव्या, रिकाम्या रेपोत ढकल. जुन्याच रेपोवर फोर्स-पुश करता येतं, म्हणजे जुन्या इतिहासावर नवा जबरदस्तीनं चढवता येतो, पण मी ते सांगणार नाही. पुल रिक्वेस्टच्या (बदल तपासून घ्यायच्या विनंतीच्या) मागे आणि गिटहबच्या कॅशेत जुने कमिट शिल्लक राहतात आणि ते काढायला त्यांच्या सपोर्टला लिहावं लागतं. नवी रेपो केलीस की ती भानगडच नको. सगळं नीट चालतंय हे बघून जुनी रेपो उडव. तीसुद्धा मालकाला नव्वद दिवसांपर्यंत परत आणता येते, हे लक्षात असू दे. मग तिघांनी जुनी क्लोन आपापल्या लॅपटॉपवरून काढायची आणि नवी घ्यायची. हे राहून गेलं तर कोणीतरी जुन्या क्लोनमधून पुश करेल आणि काढलेली घाण परत येईल. मी हे होताना पाहिलंय, एकदा नव्हे, दोनदा.

नावं बदललीस की बाकी चालेल असं समजून खरीच फाइल पुन्हा वापरू नकोस. फ्लॅट नंबर आणि थकबाकीचा आकडा एकत्र दिसला की त्या इमारतीतला कोणीही नाव ओळखतो. पूर्ण खोटी फाइल बनव. आपल्याकडे मोबाइल नंबर ६ ते ९ यांपैकी एका आकड्यानं सुरू होतात, तेव्हा खोटे नंबर १ पासून सुरू कर. चुकून एसएमएस सुटलाच तर कुणाची झोपमोड होणार नाही. (आमच्या एका टेस्टमधून पहाटे तीन वाजता खऱ्या माणसाला «आपले बिल थकले आहे» गेलं होतं. तो माणूस वेळेवर भरणारा होता, म्हणून जास्त चिडला.)

आता काकांना काय सांगायचं? खरं सांगायचं. «तुमची यादी टेस्टिंगसाठी आमच्या प्रायव्हेट रेपोत होती, आम्ही तिघंच ती बघू शकत होतो, ती आता इतिहासासकट काढतोय.» तुला हे जड जाईल, मला कळतं. पण सभासदांची माहिती सोसायटीची आहे, तुला ती कामापुरती दिलेली आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात पुरेशी काळजी न घेतल्याबद्दलच्या दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तुझ्या दारात उद्या कोणी उभं राहणार नाही. पण काकांना आज फोन करणं आणि दोन वर्षांनी त्यांना दुसऱ्याकडून कळणं, यातलं कोणतं बरं हे तूच ठरव.

आता लेव्हल. गिटहबवर तुझ्यासारख्या छोट्या मंडळींपुढे दोनच असतात, पब्लिक आणि प्रायव्हेट. इंटर्नल नावाची तिसरी मोठ्या कंपन्यांच्या एंटरप्राइझ खात्यात मिळते, तिचा विचारही करू नकोस. गिटलॅब हे गिटहबसारखंच सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालवलंस तर तिथेही इंटर्नल आहे, आणि तिचा साधारण अर्थ «या सर्व्हरवर लॉगिन करू शकणारा कोणीही» असा होतो. नोंदणी सगळ्यांना खुली ठेवलीस तर मग बघायलाच नको.

प्रायव्हेट म्हणजे काय, हे मात्र सावकाश समजून घे, कारण तुझा मामेभाऊ अर्धा बरोबर आहे. प्रायव्हेट म्हणजे दार बंद. आत कोण येऊ शकतं? तू, तू बोलावलेले लोक, तू कधीतरी «अलाव» दाबून परवानगी दिलेली ॲप्स, आणि गिटहबची स्वतःची यंत्रणा. डिस्कवर साठवलेला कोड ते एईएस-२५६ या पद्धतीनं एन्क्रिप्ट करतात, ये-जा एसएसएच किंवा एचटीटीपीएस या बंदिस्त वाटांनी होते. ऐकायला भक्कम वाटतं आणि आहेही. पण किल्ली त्यांच्याकडे असते. डेटा सेंटरमधून कोणी डिस्क उचलून नेली तर तुझा कोड सुरक्षित. तुझा पासवर्ड कोणी नेला तर ते एन्क्रिप्शन तुझ्या कामाचं नाही, कारण चोर तुझ्याच नावानं पुढच्या दारानं आत येतो आणि गिटहब त्याला सगळं नीट उलगडून दाखवतं.

उबरचं २०१६ चं प्रकरण नेमकं असंच होतं. रेपो प्रायव्हेट होती. हल्लेखोरांनी इतर ठिकाणांहून फुटलेले पासवर्ड उबरच्या इंजिनिअरांच्या गिटहब खात्यांवर लावून पाहिले, काही लागले, आत कोडमध्ये ॲमेझॉनच्या क्लाउडची किल्ली (आत जाण्याचा गुप्त मजकूर) पडलेली मिळाली. त्या किल्लीनं ५ कोटी ७० लाख प्रवाशांची आणि चालकांची माहिती गेली. कंपनीनं एक लाख डॉलर देऊन वर्षभर तोंड मिटून ठेवलं, नोव्हेंबर २०१७ मध्ये ते उघड झालं, आणि २०२२ मध्ये त्यांच्या तेव्हाच्या सुरक्षाप्रमुखाला अमेरिकी न्यायालयात दोषी ठरवलं गेलं. यात «रेपोची लेव्हल चुकली» असं कुठेच नाही बघ. पासवर्ड पुन्हापुन्हा वापरला, लॉगिनचा दुसरा टप्पा (पासवर्डनंतरची आणखी एक खात्री) सक्तीचा नव्हता, आणि किल्ली कोडमध्ये होती.

ॲप्सना दिलेल्या परवानग्यांचंही तेच. एप्रिल २०२२ मध्ये हेरोकू आणि ट्रॅव्हिस सीआय या दोन सेवांना लोकांनी दिलेले टोकन (पासवर्डऐवजी चालणारे प्रवेशपास) चोरीला गेले आणि त्यांवरून कितीतरी संस्थांच्या प्रायव्हेट रेपो उतरवल्या गेल्या. तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन, कॉलेजात असताना कुठल्याशा हॅकेथॉनसाठी तू कोणकोणत्या ॲप्सना आत घेतलंस ते एकदा बघ. वापरात नाहीत ती काढ.

दुसरं म्हणजे रेपो तुझ्या वैयक्तिक खात्यात आहे, ती तिथून हलव. वैयक्तिक खात्यातल्या रेपोत ज्याला बोलावशील त्याला लिहिण्याचाही अधिकार मिळतो, «फक्त वाचा» असं म्हणायची सोय नाही. ऑर्गनायझेशन फुकट काढता येते. तिच्यात वाचणं, लिहिणं, सगळं बदलणं असे वेगवेगळे अधिकार देता येतात. उद्या सोसायटीचा ऑडिटर म्हणाला, व्याज कसं लावता ते दाखवा, तर त्याला वाचण्यापुरतं आत घेता येईल. तिघांनीही टू-फॅक्टर, म्हणजे तो लॉगिनचा दुसरा टप्पा, लावा. शक्य असेल तर एसएमएस नको, कोड देणारं ॲप किंवा पासकी (फोन वा लॅपटॉपच्या कुलपानं होणारं लॉगिन). रिकव्हरी कोड (फोन हरवला तर आत यायचे) छापून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेव. हसू नकोस, मुंबईतल्या घरात सर्वांत जपून ठेवलेली जागा तीच असते.

मामेभावाच्या एन्क्रिप्शनकडे येते. अख्खी रेपो अशी एन्क्रिप्ट करता येते की गिटहबलाही नुसता कचरा दिसेल. गिट-रिमोट-जीक्रिप्ट नावाचं साधन ते जीपीजी या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरच्या किल्ल्यांनी करतं. कीबेस नावाच्या कंपनीनं २०१७ मध्ये एन्क्रिप्टेड गिट काढलं होतं. मला ते आवडायचं. पुढे २०२० मध्ये झूमनं कीबेस विकत घेतलं आणि माझा उत्साह मावळला. पण हे घेतलंस की काय जातं ते ऐक. वेबवर कोड वाचता येत नाही, शोधता येत नाही, पुल रिक्वेस्टवर «ही ओळ का बदललीस» असं लिहिता येत नाही, आपोआप टेस्ट चालत नाहीत. आणि जीक्रिप्टमधून साध्या गिट सर्व्हरवर पुश करताना दर वेळी पूर्ण इतिहास चढवावा लागतो. लोकलमध्ये हॉटस्पॉटवर बसून करून बघ, ठाणे येईल, पुश होणार नाही. शिवाय किल्ली हरवली की कोड हरवला. कोणाला फोन करून «पासवर्ड विसरलो» म्हणायची सोय नाही.

हे सगळं सोसण्यासारखं आपल्या कोडमध्ये असं आहे तरी काय? बिलाचा हिशेब, पार्किंगचे पैसे, सिंकिंग फंड, थकबाकीवरचं व्याज. व्याजाचा नियम सोसायट्यांच्या २०१४ च्या आदर्श उपविधींतच (नमुना नियमावलीतच) छापलेला आहे, वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के, तेही सरळ व्याज. तो नियम तू कुलपात ठेवलास तरी सोसायटीच्या कपाटात त्याचं पुस्तक पडलेलं असतंच. ऑगस्त केर्कहॉफ्स या डच भाषाशिक्षकानं १८८३ मध्ये लष्करी गुप्तलेखनावर लिहिताना म्हटलं होतं की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहायला हवी ती किल्ली. तुझा कोड ही यंत्रणा आहे. तो कोणी वाचल्यानं जर सोसायटीचा डेटा धोक्यात येत असेल, तर कोडच दुरुस्त करायला हवा.

स्वतःच्या सर्व्हरबद्दल एवढंच, की गिटीसारखं रेपो ठेवायचं सॉफ्टवेअर छोट्या मशिनवरही मजेत चालतं, ते बसवणं अवघड नाही. पण रविवारी रात्री त्याचा सुरक्षा अपडेट कोण टाकणार, बॅकअप परत उघडून कोण बघणार, पावसात वीज गेल्यावर काय? मामेभावाच्या बँकेत या कामांना पगारी माणसं आहेत. तुमच्याकडे तू आहेस, आणि तुला बिलं काढायची आहेत.

तरी एन्क्रिप्शन तुला लागणारच आहे, वेगळ्या ठिकाणी. पत्रात तू किल्ल्यांबद्दल एक शब्द लिहिलेला नाहीस, म्हणून मी पैज लावून सांगते की डेटाबेसचा पासवर्ड, पेमेंट गेटवेची सीक्रेट की आणि एसएमएसवाल्याचं टोकन त्याच रेपोत डॉट एन्व या सेटिंगच्या फाइलमध्ये आहे. किंवा होतं, आणि ते «डिलीट केलं म्हणा».

माझी गोष्ट सांगते. २०१४ ची असेल. अंधेरीच्या एका ऑफिसात होते. शुक्रवारी संध्याकाळी निघायच्या गडबडीत मी एक छोटी स्क्रिप्ट पब्लिक रेपोत टाकली, तिच्यात क्लाउडची किल्ली होती. दहा मिनिटांत लक्षात आलं. किल्लीची ओळ काढली, पुन्हा कमिट केलं, आणि अगदी समाधानानं ९.१२ ची फास्ट पकडली. सोमवारी आले तर कोणीतरी आमच्या खात्यावर परदेशातल्या डेटा सेंटरात मोठमोठी मशीन्स चालवून सोडली होती. बिल बघून साहेबांनी चहा अर्धा टाकला. मला कोणी ओरडलं नाही, तेच जास्त लागलं. लोकांनी प्रोग्रॅम लावून ठेवलेले असतात जे दिवसभर नवे कमिट वाचत असतात आणि किल्लीसारखा दिसणारा मजकूर उचलतात. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये पब्लिक गिटहब तपासलं, तर एक लाखाहून जास्त रेपोंत अशा किल्ल्या सापडल्या, आणि रोज हजारो नव्या येत होत्या. तेव्हा दहा मिनिटं म्हणजे फार झाली.

मी तेव्हा चूक लपवली. करायचं होतं ते म्हणजे किल्ली बदलणं. कसं करायचं ते खुद्द गिटहबनं दाखवलं. मार्च २०२३ मध्ये त्यांची स्वतःची, सर्व्हरची ओळख पटवणारी आरएसए एसएसएच किल्ली थोड्या वेळासाठी एका पब्लिक रेपोत उघडी पडली. तिचा गैरवापर झाल्याचा पुरावा नव्हता, तरी त्यांनी ती बदलली. जगभरच्या लोकांच्या स्क्रीनवर «सावधान, सर्व्हरची ओळख बदलली आहे» अशी भीतिदायक सूचना आली, शिव्या बसल्या, पण बदलली. बाहेर दिसलेली किल्ली गेलेलीच समजायची. प्रायव्हेट रेपोत पडलेलीसुद्धा बदलायची, कारण उद्या त्या रेपोत कोण येईल ते आज ठाऊक नसतं.

मग किल्ल्या ठेवायच्या कुठे? सर्व्हरवर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (कोडबाहेरच्या सेटिंगमध्ये), आणि टेस्टसाठी लागणाऱ्या गिटहबच्या सीक्रेट्समध्ये. रेपोत त्यांच्या नावांची एक रिकामी नमुना फाइल ठेव, म्हणजे नव्या माणसाला काय काय लागतं ते कळेल. डॉट एन्वचं नाव गिटइग्नोरमध्ये (गिटनं न घ्यायच्या फाइलींच्या यादीत) पहिल्या दिवशी जायला हवं होतं, आज घाल. तिघांत किल्ल्या वाटायच्याच असतील तर सॉप्स वापरा. ते फाइलमधल्या नुसत्या किमती एन्क्रिप्ट करतं, नावं वाचता येतात, त्यामुळे कमिटमध्ये «पेमेंटची की बदलली» हे दिसतं पण की दिसत नाही. त्याच्याबरोबर एज नावाचं साधं किल्ली-साधन चालतं, जीपीजीच्या जंजाळात पडावं लागत नाही. गिट-क्रिप्टबद्दलही ऐकशील. चांगलं आहे, पूर्ण फाइल एन्क्रिप्ट करतं, पण फाइलींची नावं आणि कमिटचे संदेश उघडे राहतात, आणि एकदा कोणाला प्रवेश दिला की काढून घेता येत नाही. हे त्याचे कर्ते स्वतःच लिहून ठेवतात. तुमच्यातलं एक माणूस निघालंय, म्हणून मी सॉप्सच्या बाजूनं आहे. अर्थात तिथेही जुन्या किमती तिला ठाऊक असणारच, तेव्हा नाव काढलं की किमतीही बदलायच्या.

आणि गिटलीक्स आपापल्या मशिनवर कमिटच्या आधी चालेल असं बसवून घ्या. किल्लीसारखं काही दिसलं की ते कमिटच होऊ देत नाही. गिटहब पब्लिक रेपोंना अशी अडवणूक आपणहून देतं, प्रायव्हेटमध्ये तिचे पैसे पडतात. गिटलीक्स फुकट आहे.

मित्राचं पब्लिक करण्याचं खूळ मला वाटतं तितकं वाईट नाही. मुलाखतीत कोड दाखवायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे, आणि तुमच्यासारख्या पोरांना ती मिळायला हवी. फक्त ही रेपो पब्लिक करायची नाही. पब्लिकचं बटण दाबलं की आजचा कोडच नव्हे, पहिल्या दिवसापासूनचे सगळे कमिट, इश्यूंमधल्या (तक्रार-नोंदींमधल्या) गप्पा, «या चेअरमनचं डोकं फिरलंय» सारखे शेरे, सगळं बाहेर जातं. टोयोटाच्या गाड्यांच्या एका सेवेच्या कोडचा भाग एका उपकंत्राटदाराकडून असाच पब्लिक राहिला, डिसेंबर २०१७ पासून सप्टेंबर २०२२ पर्यंत, जवळजवळ पाच वर्षं. आत सर्व्हरची किल्ली होती. २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते उघडे पडले असण्याची शक्यता कंपनीला जाहीर करावी लागली. आणि पब्लिक केलेलं मागे घेता येत नाही. पुन्हा प्रायव्हेट केलंस तरी लोकांनी घेतलेले फोर्क (त्यांच्या खात्यातल्या प्रती) राहतात. गिटहबनं तर २ फेब्रुवारी २०२० रोजीच्या पब्लिक रेपोंचा साठा फिल्मवर उतरवून उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्डमधल्या एका जुन्या खाणीत ठेवला आहे. तुझ्या कॉलेजातला एखादा प्रोजेक्टही तिथे बर्फात पडलेला असेल, कोणी सांगावं.

तेव्हा एक तुकडा वेगळा काढा. मला तुमच्या सॉफ्टवेअरमधला कोणता आवडेल सांगू? बिलावर रक्कम मराठी अक्षरात छापता ना, तो. एक ते शंभर आपल्याकडे नियमात बसत नाहीत, एकोणसाठ, एकोणऐंशी, अठ्ठ्याण्णव, प्रत्येक आकडा स्वतंत्र लाडावलेला. असं छोटं, नीट टेस्ट केलेलं ग्रंथालय नव्या रेपोत, कोऱ्या इतिहासानं टाका, वर सोबत परवाना ठेवा. परवाना नसेल तर कोड दिसतो पण कोणाला तो कायद्यानं वापरता येत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मुलाखत घेणारी मी असते तर चाळीस फाइलींच्या बिलिंग सॉफ्टवेअरपेक्षा हे वाचायला मला जास्त आवडलं असतं.

एक अडचण. हा कोड तिघांचा आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्रॅम साहित्यकृतीतच मोडतो, आणि तुमच्यात काही लिहिलेलं नसेल तर कोणता भाग पब्लिक करायचा हे मित्र एकटा ठरवू शकत नाही, तूही नाही. मैत्रीण जायच्या आधी एका कागदावर लिहा की कोण काय देऊन जातंय आणि कोणाचा हक्क कशावर राहतोय. वकिलाकडून करून घ्या, मी वकील नाही.

आता ती मैत्रीण. तिच्या लॅपटॉपवरचं क्लोन तू दूरवरून पुसू शकत नाहीस. गिटहबवरून तिचं नाव काढलंस तर पुढचे बदल तिला मिळणार नाहीत, मागचे तिच्याकडे आहेतच. म्हणून वर सांगितलेली साफसफाई ती इथे असतानाच करा, आणि तिलाच करू दे. तिच्या लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट आहे का बघा, विंडोजला बिटलॉकर, मॅकला फाइलव्हॉल्ट. गाडीत बॅग चोरीला जाणं हा तिच्या विश्वासघातापेक्षा कितीतरी जास्त शक्य असलेला धोका आहे. मग दोघी समोरासमोर बसा आणि ती सांगेल त्या क्रमानं बंद करत जा: सर्व्हरवरची तिची एसएसएच किल्ली, तिनं काढलेली टोकन, डिप्लॉय की (सर्व्हरला रेपोतून कोड घेऊ देणारी), पेमेंट गेटवेचं तिचं लॉगिन, एसएमएस पॅनेल. डोमेन कोणाच्या नावावर आहे तेही विचार. नव्वद टक्के वेळा ते निघून जाणाऱ्या माणसाच्या ईमेलवर असतं आणि वर्षभरानं नूतनीकरणाची आठवण तिकडेच जाते. (नव्वद हा आकडा माझ्या अनुभवातला, कुठल्या अभ्यासातला नाही.)

तिला न सांगता एका रात्रीत सगळीकडून नाव उडवू नकोस. तिनं दोन वर्षं तुमच्याबरोबर काढली आहेत, आणि सर्व्हरच्या कुठल्या कोपऱ्यात कोणती किल्ली ठेवली ते तुला तीच सांगू शकते. येत्या शनिवारी दुपारी तिला घरी बोलाव, पेमेंटच्या किल्लीपासून सुरुवात करा. काकांना फोन त्याआधी, सकाळीच.

– ताई